गुरुजींची वही

मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात, उसाचे मळे जेथे विरळ होत जातात आणि समुद्राचा वारा जेथे प्रथम अंगाला लागतो, अशा एका लहानशा गावी एक वृद्ध शिक्षक राहतात. प्राथमिक शाळेत मराठी शिकविण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली, तरी गावातील लहानथोर त्यांना गुरुजी असेच म्हणतात. घरात मात्र क्रिओल बोलणारी नात त्यांच्यापुरती मराठीत येते आणि त्यांना आजोबा म्हणते. या गुरुजींच्या आयुष्यात गेल्या काही वर्षांत जे घडले, ते वरवर पाहता अगदी क्षुल्लक आहे. घरास आग लागली नाही, चोरी झाली नाही, कोणी फसविले नाही. तरीही घरातून काही गेले, आणि ते गेल्याचे कळावयासही कित्येक महिने लागले.

गुरुजींना जमा करण्याचा छंद होता. छंद हा शब्द कदाचित हलका होईल. 1960 च्या फेब्रुवारीत कॅरोल वादळ या बेटावरून गेले, तेव्हा ते दहा वर्षांचे होते. घराचे छप्पर उडाले, भिंती बसल्या, आणि पणजोबांची पत्र्याची पेटी चिखलातून दुसऱ्या दिवशी निघाली. त्या पेटीत पणजोबांचा परवाना होता. 1867 च्या कायद्याने, करार पुरा झालेल्या मजुरासही आपले छायाचित्र चिकटविलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसेल तर पोलीस रस्त्यावर अडवीत. ज्या कागदाने माणसाला जन्मभर धाकात ठेवले, तोच पुढे नातवंडांच्या दृष्टीने घरातील सर्वांत मौल्यवान वस्तू व्हावा, हा काळाचा एक विचित्र न्याय आहे. वडिलांनी तो कागद उन्हात वाळत घातला. छायाचित्राच्या जागी एक तपकिरी डाग तेवढा उरला होता. वडील त्या डागाकडे कितीतरी वेळ पाहत बसले होते, एवढे गुरुजींना अजून आठवते.

पुढे मोकास महात्मा गांधी संस्था स्थापन झाली व आप्रवाशांच्या जुन्या नोंदवह्या तेथे आल्या. तेव्हा गुरुजींनी खेपा घालून पणजोबांचा क्रमांक शोधून काढला. 1834 पासून 1920 पर्यंत सुमारे पाच लाख करारबद्ध मजूर या बेटावर उतरले. नाव लिहून घेणारा कारकून मराठी जाणणारा नसे. एकाच माणसाचे नाव जहाजाच्या यादीत एक, मळ्याच्या पुस्तकात दुसरे आणि मुलाच्या जन्मदाखल्यात तिसरेच, असा प्रकार सर्रास आढळतो. नावे फिरली, आडनावे हरवली; आकडा मात्र तोच राहिला. म्हणून गुरुजी मुंबई बंदरातून आलेल्या गावोगावच्या मराठी घरांचे क्रमांक गोळा करू लागले. त्यांबरोबर म्हाताऱ्या माणसांची छायाचित्रे, घरांतील जुने दाखले, आणि झाकडीची गाणी. रत्नागिरीकडे या नृत्याला जाखडी म्हणतात. येथे येताना त्याचा उच्चार किंचित वळला, पण फेर धरणे तसेच राहिले.

2016 साली मुलाने त्यांना एक चांगला फोन घेऊन दिला. तोवर गुरुजींचे सारे काम वह्यांत चाले. फोनने कॅमेरा दिला, आवाज टिपण्याची सोय दिली, आणि नावनंबरांच्या यादीत प्रत्येक नावाखाली टिपण लिहावयास एक मोकळी जागाही दिली. गुरुजींना ही जागा फार आवडली. कुटुंबप्रमुखाच्या नावाखाली ते त्याच्या पूर्वजाचा क्रमांक, जहाजाचे नाव, उतरल्याचे वर्ष असे सारे लिहून ठेवू लागले. फोन करावयाचा आणि इतिहासही तेथेच पाहावयाचा! ती जागा या कामासाठी नाही, असे त्यांना कोणी सांगितले नाही. आणि सांगितले असते तरी त्यांनी ऐकले नसते.

नातीने फोन, संगणक आणि मुलाने आधी दिलेली टॅबलेट ही तिन्ही यंत्रे एका खात्याला जोडून दिली. "आजोबा, आता फोन समुद्रात पडला तरी काळजी नाही. सगळं सिंक होतंय, क्लाउडमध्ये आहे," असे ती म्हणाली. पणजोबांच्या पेटीचा चिखल ज्याने पाहिला होता, त्या मनुष्यास हे वाक्य किती गोड वाटले असेल, याची कल्पना करता येईल. जे कोठेच ठेवलेले नाही, त्यास कोणते वादळ नेणार?

नातीचे वाक्य खोटे नव्हते, अर्धे होते. सिंक म्हणजे काय, हे समजण्यास साखर कारखान्यातील जुन्या कचेरीचे उदाहरण घ्यावे. मळ्यावर एक कीर्द असे व गिरणीवर दुसरी. दोन्ही जुळल्या पाहिजेत, म्हणून एकीत ओळ वाढली की दुसरीतही वाढवीत. तेथवर ठीक. पण एकीत कोणी ओळ खोडली, तर जुळविणारा कारकून दुसरीतही ती खोडणार. तेच त्याचे काम. ती ओळ चुकून खोडली की विचारपूर्वक, हे पाहणे त्याच्याकडे नाही. जुळवणे आणि जपणे ही दोन वेगळी कामे होत. सिंक जुळविते. जपावयाचे असेल, तर तिसरी वही कुलुपात ठेवावी लागते, आणि तिला त्या कारकुनाचा हात लागता कामा नये.

प्रथम लहानसहान कुरबुरी सुरू झाल्या. 1 सप्टेंबर 2013 रोजी मॉरिशसमधील मोबाइल नंबरांच्या आरंभी 5 हा आकडा लावण्यात आला व सात आकडी नंबर आठ आकडी झाले. गुरुजींनी आपली यादी एकेक नंबर करीत दुरुस्त केली होती. पुढे एके दिवशी कपाटात दोन वर्षे पडून असलेली टॅबलेट नातवंडांपैकी कोणी चालू केली. तिच्या पोटात जुनी यादी तशीच होती. इंटरनेट मिळताच तिने ती इमानेइतबारे वर पाठविली, आणि संध्याकाळपर्यंत गुरुजींच्या फोनात सात आकडी नंबर पुन्हा उभे राहिले. त्यांत दिवंगत झालेल्या, आणि म्हणून जड मनाने पुसून टाकलेल्या माणसांचेही होते. गुरुजी म्हणाले, "पितृपक्ष अजून लांब आहे, आणि ही मंडळी आधीच आली."

मग दुहेरी नावांचा उपद्रव. एकच माणूस रोमन लिपीत, देवनागरीत आणि सिमकार्डावर अर्धवट नावाने, असा तीनदा. सिमकार्डावर नावाला मुळातच थोडी अक्षरे मिळत, देवनागरी लिहिले की ती आणखी कमी पडत. आणि सिमवरील नोंद सहसा त्या कार्डापुरतीच राही. सर्वांत मौज झाली ती 'किनाऱ्यावरची मावशी' या नावाची. दोन्ही नोंदी अक्षरशः सारख्या दिसत. तरी यंत्र त्यांना एक मानीना. नातीने विद्यापीठातील एका मित्रास विचारले, तेव्हा उलगडा झाला. 'ऱ्या' हे जोडाक्षर संगणकात दोन रीतींनी साठविता येते: एकदा नुक्त्याच्या ऱ या स्वतंत्र अक्षरापासून, एकदा साध्या र ला एक अदृश्य चिन्ह जोडून. डोळ्यास दोन्ही एकच, यंत्रास दोन निराळी नावे. दीडशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने मराठी कानाने ऐकले नाही म्हणून एका माणसाची तीन नावे झाली. आताच्या कारकुनाने डोळ्याने पाहिले नाही म्हणून मावशी दोन झाल्या. जुन्या कारकुनास निदान आकडा तरी सारखा लिहिण्याची सक्ती होती.

या साऱ्यास कंटाळून गुरुजींनी 'एकत्र करा' ही सूचना मान्य केली. एका बोटाच्या स्पर्शाने शेकडो नावे एकवटली. यादी स्वच्छ दिसू लागली. ज्या नावांच्या दोन नोंदींखाली दोन निरनिराळी टिपणे होती, त्यांतील काही ठिकाणी एकच उरले, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही. गूगलच्या खात्यात संपर्कांची यादी तीस दिवसांपर्यंत मागच्या स्थितीस नेता येते. अशा सोयी असतात, परंतु चूक झाली हे तितक्या दिवसांत ध्यानात आले तरच त्यांचा उपयोग. आणि ज्याने काही सोपे झाले असे वाटते, तेथे मनुष्य चूक शोधीतच नाही.

खरा घाव 2023 च्या गणेशचतुर्थीनंतर बसला. विसर्जनाची चित्रे काढता काढता फोनने जागा संपल्याची सूचना दिली. फुकट मिळणाऱ्या जागेचा काळ तोवर सरला होता. गूगलने 1 जून 2021 पासून छायाचित्रांची अमर्याद फुकट साठवण बंद केली, आणि फुकट खात्यास सर्व मिळून 15 गीगाबाइट एवढीच जागा राहिली. ॲपलच्या आयक्लाउडमध्ये ती 5 गीगाबाइट. पैसे भरून जागा वाढविता येते, पण निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात दरमहा परदेशी कंपनीस भाडे द्यावयाचे, हे गुरुजींच्या मनास पटत नव्हते. त्यांनी विचार केला, की चित्रे क्लाउडमध्ये आहेतच. मग फोनमधील काढून टाकावीत. दोन दुपारी बसून त्यांनी हजाराहून अधिक चित्रे निवडून पुसली. प्रत्येक वेळी यंत्राने विचारले, आणि प्रत्येक वेळी त्यांनी होय म्हटले. फक्त फोनमधील प्रत काढावी, वरची राहू द्यावी, अशी वेगळी आज्ञा त्या सेवेत होती. पण ती दुसऱ्या दालनात होती, आणि दोन्ही आज्ञांचे शब्द परक्या भाषेत जवळजवळ एकाच अर्थाचे वाटत. कीर्दीतील ओळ खोडली गेली. कारकुनाने दुसरीतलीही खोडली.

टाकून दिलेली चित्रे लगेच नष्ट होत नाहीत. गूगल फोटोजमध्ये वर पाठविलेली चित्रे कचरापेटीत साठ दिवस राहतात, ॲपलच्या संग्रहात साधारण तीस. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. 2 नोव्हेंबरला आप्रवासी घाटावर पूर्वजांचे स्मरण झाले, गुरुजी तेथे गेले, पायऱ्यांची चार चित्रेही काढून आले. त्या वेळी जुनी चित्रे अजून कचरापेटीत होती. कोणी पाहिले नाही.

जानेवारी 2024 मध्ये बेलाल वादळाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवर पाणी भरले, मोटारी वाहून गेल्या. गुरुजींच्या गावी फारशी हानी झाली नाही. परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस किनाऱ्यावरची मावशी वारली. ती नात्याने गुरुजींच्या आईकडची. वयाने नव्वदीच्या घरातली. झाकडीची गाणी तिच्याएवढी कोणास येत नव्हती. तिच्या मुलाने येऊन सांगितले, "गुरुजी, तेराव्याला लावायला आईचा एखादा चांगला फोटो द्या. आणि तुम्ही तिची गाणी भरून घेतली होती, तीही लावू."

गुरुजींनी फोन उघडला. मग संगणक उघडला. मग टॅबलेट. तिन्ही यंत्रे अगदी एकमताने सांगत होती की तेथे काही नाही. जुळवणीत तिळमात्र फरक नव्हता.

गाण्यांची कथा तर आणखीच वेगळी. ती 2018 साली, जुन्या फोनात टिपली होती. 2020 मध्ये फोन बदलला, तेव्हा नवीन फोनात नावे आली, चित्रे आली, तारखा आल्या. म्हणून सर्वच आले अशी समजूत झाली. आवाज टिपणाऱ्या त्या प्रोग्रामच्या फायली फोनच्या पोटातील एका कप्प्यात पडत, आणि त्या कप्प्याशी सिंकचा काहीएक संबंध नव्हता. कोणती वस्तू जुळवावयाची आणि कोणती नाही, हे प्रत्येक प्रोग्राम आपापले ठरवितो. 'सगळं सिंक होतंय' या वाक्यातील 'सगळं' कोणी मोजलेले नसते. जुना फोन स्वच्छ पुसून शेजारच्या मुलास दिला होता. चार वर्षे ती गाणी नव्हती, आणि चार वर्षे गुरुजी लोकांस सांगत होते की माझ्याकडे आहेत.

त्या रात्री ते जेवले नाहीत. नात समजूत घालावयास आली, तेव्हा ते तिच्यावर चिडले नाहीत, एवढेच म्हणाले, "बाळ, बाबांच्या हातात तो कागद होता, तेव्हा निदान डाग तरी होता."

नात तरुण असली तरी हाडाची चिकाटी तिच्यात आजोबांचीच. तिने शोध आरंभिला. तिच्या शाळेच्या वेळचा एक लॅपटॉप माळ्यावर होता. 2019 साली एका प्रकल्पाकरिता तिने आजोबांच्या फोनमधील चित्रे तारेने त्यात उतरवून घेतली होती, आणि तो कोणत्याही खात्यास जोडलेला नव्हता. आळसाने जोडावयाचा राहिला होता, म्हणूनच त्यातील काही खोडले गेले नाही! त्यात सुमारे साडेतीनशे चित्रे निघाली. किनाऱ्यावरची मावशी त्यांत होती: ओसरीवर, हातात सूप, डोळे मिचकावून उन्हाकडे पाहणारी.

उरलेल्यांपैकी काही नातलगांच्या व्हॉट्सॲपमधून परत मिळाली. गुरुजींनी वेळोवेळी ज्याला त्याला ती पाठविली होती. परंतु व्हॉट्सॲप पाठविताना चित्र लहान करते, आणि ते केव्हा व कोठे काढले याची मूळ चित्रात दडलेली नोंद गाळून टाकते. त्यामुळे चेहरे आले. घर कोणते, वर्ष कोणते, हे आले नाही. एका दाखल्याच्या चित्रात तर क्रमांकच वाचता येईना. तो 3 की 8, यावर गुरुजी भिंग घेऊन एक दुपार बसले, आणि शेवटी मोकाला गेले. नोंदवही जागेवर होती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या शाईत 8 होता.

या शोधात वर्गणीचे एक जुने भांडणही ओघाने उलगडले. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या वर्गणीची यादी गुरुजी टॅबलेटवर, तर खजिनदार आपल्या संगणकावर एकाच वेळी लिहीत होते. गुरुजी ज्या घरांतून फिरत होते, तेथे डोंगराआड इंटरनेट मिळत नव्हते. संध्याकाळी दोन्ही याद्या वर गेल्या, आणि जी शेवटी लिहिली गेली असे यंत्रास वाटले, ती राहिली. गुरुजींच्या सात घरांची वर्गणी यादीतून गळाली. ड्रॉपबॉक्ससारख्या काही सेवा अशा वेळी दोन्ही प्रती ठेवून एकीस विसंगत प्रत असे नाव देतात. निवाडा माणसावर सोपवितात. हे अधिक सभ्यपणाचे म्हणावे लागेल. पण येथे तसे झाले नव्हते, आणि सात घरांनी पैसे दिलेच नाहीत असे खजिनदार वर्षभर समजून होते. आता दोघांनी एकमेकांकडे पाहून हसून घेतले. असो.

गाण्यांचा पत्ता मात्र लागेना. शेजारच्या मुलाकडील फोन केव्हाच मोडून गेला होता. व्हॉट्सॲपने पाठविलेली ध्वनिफीत तरी कोणाकडे असेल म्हणून नातीने साऱ्या आप्तांना विचारले. पण असे निरोप पोहोचले की कंपनीच्या यंत्रावरून काढून टाकले जातात. मग ते ज्याच्या त्याच्या फोनात राहिले तर राहिले. बहुतेकांनी फोन बदलले होते. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना जुना पत्रव्यवहार बरोबर नेण्याची सोय 2022 मध्ये आली. त्याआधी ज्यांनी यंत्र बदलले, त्यांचे सारे तेथेच राहिले.

तीन आठवड्यांनी मेलबर्नहून मावशीच्या पुतण्याचा फोन आला. आयफोन घेतल्यावर त्याने जुना फोन टाकून न देता खणात ठेवला होता. काच फुटलेली, पण चार्जर लावताच तो चालू झाला. 2018 सालच्या गणपतीत घरची आठवण येते म्हणून त्याने गुरुजींकडे एक गाणे मागितले होते, आणि गुरुजींनी ते पाठविले होते. गुरुजींच्या स्मरणातून ते पार गेले होते. अडीच मिनिटांची फीत. टिपलेल्या चौदा गाण्यांपैकी एक.

तेरावे तोवर होऊन गेले होते. मावशीचा मुलगा, दोन सुना, गावातील तीन म्हाताऱ्या आणि खजिनदार असे सारे गुरुजींच्या ओसरीवर जमले. नातीने फीत लावली. आरंभी कोंबड्याचा आवाज, मग मावशीचे खाकरणे, मग गाणे. दुसऱ्या कडव्याला मावशी अडखळली आहे. फितीत गुरुजींचाच आवाज तिला शब्द सुचवितो, आणि ती म्हणते, "नाही रे, तसं नाही," आणि पुढे गाते. ते ऐकून मुलगा उठून अंगणात गेला. म्हाताऱ्यांपैकी एकीने नकळत टाळीचा ठेका धरला होता. फीत संपली तरी तिने ठेका सोडला नाही. पुढचे, फितीत नसलेले गाणे ती हलक्या आवाजात म्हणू लागली. दुसरीने तिला मध्येच थांबविले. शब्द तो नाही म्हणाली. दोघींचा वाद जुंपला. गुरुजींनी नातीला खूण केली, आणि आतून वही मागविली.

त्या महिन्यात प्रत्येक गुरुवारी तिन्ही म्हाताऱ्या गुरुजींकडे येत. चौदांपैकी नऊ गाणी अशी परत उभी राहिली. दोन गाण्यांच्या दोन दोन रीती लिहाव्या लागल्या, कारण कोणीच मागे हटेना. गुरुजींनी दोन्ही लिहिल्या, समोरासमोरच्या पानांवर. नातीने त्यांचे आवाज टिपले. ती फीत तिने आपल्या संगणकात घेतली, एका वेगळ्या डिस्कवर उतरविली, डिस्कची तार काढून ठेवली, आणि मेलबर्नला एक प्रत पाठविली. मावशीच्या आणि तिच्या पुतण्याच्या खात्यांचे पासवर्डही तिने त्या दोघांच्या घरच्यांकडून मागून एका कागदावर लिहून घेतले. गूगलने 2023 मध्ये जाहीर केल्याप्रमाणे, दोन वर्षे न वापरलेले खाते पुसले जाऊ शकते. मावशीच्या खात्यात तिच्या नातवंडांची चित्रे होती.

वहीचे प्रत्येक पान तिने फोनने टिपले तेव्हा गुरुजी शेजारी उभे होते. "हे आता कुठे कुठे जाईल?" त्यांनी विचारले. तिने बोटांवर मोजून सांगितले: फोन, संगणक, क्लाउड, आणि ती डिस्क. "आणि मी फोनमधलं पुसलं तर?" ती म्हणाली, "तिथलं जाईल, वरचं जाईल, संगणकावरचंही जाईल. डिस्कवरचं राहील."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी वही काखोटीस मारून बसने कात्र बोर्नला गेले आणि तिच्या तीन झेरॉक्स प्रती काढून आणल्या. एक मावशीच्या मुलाला दिली. एक देवळाच्या कपाटात, वर्गणीच्या पावतीपुस्तकांशेजारी ठेवून खजिनदारांकडून कुलूप लावून घेतले. तिसरी कोणाला द्यावी याचा विचार करीत ते बराच वेळ ओसरीवर बसले होते. मग नातीला हाक मारून म्हणाले, "मेलबर्नचा पत्ता लिही गं. पोस्टाने पाठवू."